वाघूरच्या पानावरची दुरुस्ती

माझ्या साडूंइतका त्रासदायक चांगला माणूस तापीच्या या तीरावर दुसरा झाला नाही, आणि पलीकडच्या तीरावर कुणी झाला असेल तर त्याच्या साडूबद्दल मला आत्तापासूनच कणव वाटते. वाईट माणसाचं बरं असतं. त्याला नावं ठेवता येतात, त्याच्याकडे जेवायला जायचं टाळता येतं, आणि बायकोशी वाद झाला की त्याचा उल्लेख हक्कानं करता येतो. माझ्या साडूंनी यातली एकही सोय मला ठेवली नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पिंपळनेरचे, म्हणजे धुळे जिल्ह्याच्या पार मावळतीच्या टोकाचे, पण नोकरीसाठी जामनेरला आले आणि तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर म्हणून चिकटले. मी त्याच जामनेरात हायस्कूलला मराठी शिकवत होतो. मी पदवीधर, ते जुनी अकरावी. मला सगळं गाव 'सर' म्हणायचं, त्यांना 'आबा'. हिशेब सरळ माझ्या बाजूनं होता, तरी पंधरा वर्षं मी त्या माणसावर जळत राहिलो. हे आता सांगायला लाज वाटत नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला ते पहिल्यापासून माहीत होतं.

ग्रेडरचं काम म्हणजे आलेल्या कापसाची प्रत ठरवायची. गाडी दारात लागली की साडू त्यात कोपरापर्यंत हात घालून आतला चिमूटभर कापूस काढायचे, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढायचे, सुटलेला धागा नखावर ठेवून त्याची लांबी बघायचे, मग मूठ दाबून ओल किती ते बघायचे. कापसात किडक्या बोंडाची पिवळी पडलेली कवडी किती, वजन वाढावं म्हणून मारलेलं पाणी किती आणि खरा धागा किती, हे त्यांची बोटं अर्ध्या मिनिटात सांगायची. एवढ्यावर थांबले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती बोटं जिनिंगबाहेरही थांबायची नाहीत. कुणीही काही सांगू लागला की साडूंचा अंगठा तर्जनीवर फिरू लागायचा, जणू समोरच्याचं बोलणं ते चिमटीत धरून ओढून बघत आहेत. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात नवरीचे मामा खांद्यावरची शाल सगळ्यांना दाखवत होते. अस्सल लोकर, खास काश्मीरहून मागवलेली. साडूंनी शेजारी बसून अत्यंत आदरानं शालीचं टोक हातात घेतलं, चोळलं, आणि तितक्याच आदरानं म्हणाले, "मामा, अर्धं सूत शे." पुढे मामांनी दोन तास ती शाल मांडीखाली घालून ठेवली. वाईट म्हणजे निघताना त्याच मामांनी साडूंना मिठी मारली. मी असं काही बोललो असतो तर वरात माघारी गेली असती.

त्यांची दुसरी खोड याहून भयंकर. त्यांना 'माले माहीत नही' हे वाक्य म्हणायला काहीच वाटायचं नाही. भर चौकात, चार माणसांत, हसतमुखानं म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "तुमले माहीत शे का?" मी वीस वर्षं शिकवलं, पण ते वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. माहीत नसेल तेव्हा मी खडू बदलायचो. वर्गात कुणी अवघड काही विचारलं की मी शांतपणे नवा खडू घ्यायचो, आणि तो मोडेपर्यंत घंटा व्हायची.

शिवाय माझ्याकडे ज्ञानकोश होता. दहा खंड, तांबडी पुठ्ठाबांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. ते मी काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले होते आणि किल्ली माझ्या खिशात असायची. गावात काही अडलं की लोक ओट्यावर येऊन म्हणायचे, "सर, जरा पाहून सांगता का?" मग मी हात धुवायचो, किल्ली काढायचो, खंड उतरवायचो, आणि खाली बसलेला माणूस माझ्याकडे बघत राहायचा. खरं सांगतो, त्या बघण्यासाठीच मी तो कोश घेतला होता.

एकदा वाचनालयात केळीवरून वाद झाला. खोडवा, म्हणजे त्याच खोडाचं दुसरं पीक, घ्यावा की नाही, असा काहीतरी. साडू माझ्याकडे आले, मी थाटात खंड काढला. केळीवर अर्धं पान होतं आणि कुठल्याशा परदेशी बेटावरच्या बागेचं चित्र होतं. साडूंनी ते अर्धं पान दोनदा वाचलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, पुस्तक भारी शे. पन यामा आपली केळी नही." दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयाच्या टेबलावर एक जाडजूड कोरी वही आणून ठेवली. सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'बठ्ठासनी वही'. म्हणजे सगळ्यांची वही. पहिल्या पानावर नियम होते तीनच. ज्याला जे स्वतःला ठाऊक आहे ते त्यानं लिहायचं. खाली नाव घालायचं. आणि कुणाचं चुकलं असेल तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर ते लिहून आपलं नाव घालायचं.

मला वाटलं, महिनाभरात ही वही भेळेला लागेल. पण लोकांना काय झालं होतं कोण जाणे. पहूरच्या एका बागायतदारानं केळीवर नऊ पानं लिहिली. एसटीच्या कंडक्टरनं कुठल्या थांब्यावर पाण्याची सोय आहे ते लिहिलं. एका सुईणीनं नातवाला समोर बसवून बाळंतिणीच्या खाण्यावर लिहून घेतलं. कुंभारानं माती कशी ओळखायची ते लिहिलं, आणि दुसऱ्या कुंभारानं त्यातल्या तीन ओळींवर रेघ मारली. माणसं संध्याकाळी वही वाचायला येऊ लागली. माझ्या ओट्यावरची वर्दळ कमी झाली. आणि एके दिवशी मी वही चाळली, कुणी नसताना, तर 'वांग्याचं भरीत' या मथळ्याखाली दोन पानं भरलेली आणि खाली माझ्या बायकोचं नाव. तुरीच्या वाळक्या काटक्यांच्या जाळावर वांगं कसं फिरवायचं, मिरची कधी ठेचायची, सगळं इतकं नेमकं आणि इतकं छान लिहिलं होतं की मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तिला लिहायला आवडतं हे मला साडूंच्या वहीतून कळलं.

घरी येऊन मी विचारलं, "मला का नाही दाखवलंस?"

"तुम्ही शुद्धलेखन तपासलं असतं," ती म्हणाली. "भाऊजींनी विचारलं, वांगं कोणतं घ्यायचं."

त्याच आठवड्यात माझ्या मुलीनं मला विचारलं होतं, केळं वाकडं का असतं. मी तिला खंड उघडून केळीचं शास्त्रीय नाव सांगितलं. साडूंनी तिला सायकलवर बसवून पहूरच्या त्या बागायतदाराकडे नेलं, आणि त्यानं तिला घडाखाली उभं करून दाखवलं. "पाय पोरी, घड खाली लोंबते, पन केयं उजिडाकडे वर वयते." मुलगी घरी आली ती उजेडाकडे वर वळणाऱ्या केळ्यासारखी वाकून चालून दाखवत होती, आणि शास्त्रीय नाव विसरली होती. त्या रात्रीच्या जेवणात मी भरीत घेतलं नाही. एवढाच निषेध मला सुचला.

मग मी ते केलं. एका सोमवारी, दुपारी, वाचनालयात ग्रंथपाल पेंगत असताना मी वही उघडली आणि लिहिलं, 'वाघूर नदी सातपुडा पर्वतात उगम पावते.' खाली नाव घातलं, शा. ब. पाटील, पहूर. पहूरला पाटील किती आहेत हे खुद्द पहूरलाही सांगता यायचं नाही, म्हणून नाव सुरक्षित होतं. अडचण अक्षराची होती. मी अक्षर बिघडवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण ज्या माणसानं वीस वर्षं फळ्यावर वळणदार अक्षर काढलं, त्याचा हात ऐनवेळी ऐकत नाही. शिवाय, खोटं का असेना, पण माझ्या हातून गबाळं काही वहीत राहावं हे मला सोसेना. ओळ लिहून झाल्यावर मी ती लांबून पाहिली आणि, देवाशपथ, ती मला आवडली.

घरी येऊन त्याच दिवशी मी लेख लिहिला आणि जळगावच्या एका साप्ताहिकाला पाठवून दिला. मथळा, 'चावडीवरच्या गप्पांना ज्ञान म्हणायचे काय?' लेख उत्तम होता. आजही म्हणेन, उत्तम होता. ज्यात कुणीही उठून लिहावे त्यावर कुणी विश्वास ठेवावा, असा मी सवाल केला होता. विद्वानांचे मत दिले होते, भावी पिढीची काळजी वाहिली होती. दोन मुद्दे तर मनापासून होते. औषधपाण्याच्या नोंदी कुणी जाणकार तपासत नाही हा एक, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचं शहाणपण या वहीत येतच नाही हा दुसरा. स्वतःविषयी मी बाणेदारपणे लिहिलं होतं, 'ती वही मी आजवर हातातही धरलेली नाही.' आणि पुढच्याच परिच्छेदात हुकमाचा एक्का टाकला होता, 'वाघूर सातपुड्यात उगम पावते असे ज्या वहीत लिहिलेले आढळते, त्या वहीची विश्वासार्हता वाचकांनीच ठरवावी.'

शनिवारी लेख छापून आला आणि गाव हललं. वाचनालयाचे अध्यक्ष नाना, निवृत्त तलाठी. छापील मजकुराचा त्यांच्यावर फार परिणाम व्हायचा. त्यांनी बैठक बोलावली. वही टेबलावर ठेवायची की उचलायची, एवढाच विषय. मी नवं धोतर... नाही, उगाच रंगवत नाही, धुतलेला शर्ट घालून गेलो. साडू आधीच येऊन बसले होते. वही त्यांच्या मांडीवर होती आणि माझा लेख त्यांनी कात्रण काढून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. मला वाटलं आता रागावतील. निदान एकदा तरी रागावतील, म्हणजे मला बरं वाटेल. ते उठले आणि म्हणाले, "नाना, सरना लेख मी तीनदाव वाचा. लेख भारी शे. आते आपन त्यानी प्रत काढू."

आणि त्यांनी माझ्या लेखाची, कापसाची काढावी तशी, प्रत काढली. एकेक वाक्य वाचायचे, अंगठा फिरवायचे आणि सांगायचे. मथळा वाचला. "हाई प्रश्न नही, ओल शे. उत्तर पह्यलेच ठरेल शे." विद्वानांचे मत. "कोन विद्वान? नाव नही. आपली वहीमा ते नाव लागस." भावी पिढी. "हाई वजन वाढाले मारेल पानी शे. पन वाक्य गोड शे." लोक हसत होते, आणि ते माझ्याकडे बघून हसत नव्हते, ही त्यातली खरी कला होती. मी मात्र घामानं भिजलो होतो. कारण ते बरोबर सांगत होते. आयुष्यभर निबंध तपासले, पण स्वतःच्या निबंधात पाणी कुठे मारलंय हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. मग औषधांचा मुद्दा आला. साडू थांबले. "हाऊ धागा शे. लांब धागा." निरक्षरांचा मुद्दा आला तेव्हा तर त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "हाई माले सुचनंच नही, नाना. सरले सुचनं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की मला त्या आनंदाचाही हेवा वाटला. मला दुसऱ्याचा मुद्दा पटला की दुखतं.

शेवटी वाघूर. साडूंनी वही उघडली. एरवी ते वही सगळ्यांच्या हातात फिरवायचे. त्या दिवशी मात्र छातीशी धरून एकट्यानंच वाचू लागले. नोंद सोमवारची होती. त्यावर एक सरळ रेघ होती, आणि शेजारी बुधवारी, पहूरच्या एका म्हशीवाल्यानं लिहिलेलं होतं. 'वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून येते. सातपुडा तापीच्या पल्याड हाये. नदी काई नदीवरून उडी मारत नाई. माह्या म्हशी रोज वाघुरात बसतात.' बैठकीत हशा पिकला. साडू म्हणाले, "सोमवारनी चूक बुधवारले निंघी गई. पेपर शनिवारना." मग सवयीनं मागची ओळ पुन्हा वाचायला गेले, 'ती वही मी आजवर हातातही धरलेली नाही', आणि त्यांचा अंगठा तर्जनीवर थांबला.

तो अंगठा थांबलेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. वही हातात धरली नाही, तर सोमवार ते बुधवार एवढीच जगलेली ओळ मला दिसली कुठे? हे एवढं सोपं होतं. लिहिताना मला दिसलं नव्हतं, आता खोलीत कुणालाही दिसलं असतं. साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांची नोकरी, सर म्हणून हाक मारणारं गाव, घरी वाट बघणारी बायको, सगळं त्या अंगठ्याखाली होतं. नानांच्या कपाळावर आठी उमटू लागली. "पन आबा, मंग सरांनी ही नोंद..."

"नाना, चहा थंडा व्हई राहिना," साडू म्हणाले आणि वही मिटली.

वही राहिली. माझे दोन मुद्दे त्यांनी पहिल्या पानावर नियम म्हणून लिहिले, औषधाची नोंद डॉक्टरला दाखवल्याशिवाय नाही, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी बाजाराच्या दिवशी साडू स्वतः लिहून घेणार, खाली अंगठा. दोन्हींपुढे कंस करून लिहिलं, 'सरांच्या सूचनेवरून'. लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देऊ लागले. हरलो असतो तर एकदाच जळलो असतो, या माणसानं मला जिंकवून रोज जाळलं. आता म्हणे संगणकावर असाच कोश निघाला आहे, कुणीही लिहावा असा. परवा पेपरात त्याच्याविरुद्ध कुणीतरी झणझणीत लेख लिहिला होता. पहिलं वाक्य प्रश्न, दुसऱ्यात विद्वानांचे मत, तिसऱ्यात भावी पिढी. वाचता वाचता माझा अंगठा आपसूक तर्जनीवर फिरायला लागला, आणि बायको समोरून बघत होती म्हणून मी पेपराची घडी केली.

त्या बैठकीनंतर काही वर्षांनी साडूंची जिनिंग बंद पडली. साडूंनी पिंपळनेरला परत जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी ते माझ्या ओट्यावर आले, सायकलच्या कॅरिअरला वह्या बांधलेल्या, तोवर सात झाल्या होत्या. म्हणाले, "सर, ह्या आते तुमनाकडे."

"माझ्याकडे? साडूभाऊ, गावात एवढी माणसं आहेत."

"वहीले चूक धरनारा मानूस लागस," ते म्हणाले, आणि आत जाऊन माझ्या बायकोकडे चहा मागू लागले.

ते गेल्यावर मी पहिली वही काढली. वाघूरचं पान मी इतकी वर्षं उघडलं नव्हतं. माझी ओळ तशीच होती, रेघेखाली स्वच्छ वाचता येणारी. आणि पान अगदी उघडं केल्यावर शिवणीजवळ पेन्सिलनं बारीक लिहिलेलं दिसलं. 'माहिती चूक. अक्षर फार सुंदर शे.' खाली साडूंची सही, आणि वार, सोमवार. म्हणजे लेखाच्या आधी, म्हशीवाल्याच्या आधी. पुढे बैठकीत माझा लेख वाचून दाखवला तेव्हा, मला सर सर म्हणत होते तेव्हा, सगळं त्यांना ठाऊक होतं. स्वतः रेघ मारली नाही, कारण चूक कळली तरी वाघूर नेमकी कुठून येते हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं, ते पिंपळनेरचे. अक्षर मात्र ठाऊक होतं. माझ्या अक्षराचं इतकं सरळ कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी पेन काढलं, 'शा. ब. पाटील, पहूर' यावर एकच रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि शेजारी माझं नाव लिहिलं. अक्षर पूर्वीसारखं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सगळे सोडायला आले होते. कंडक्टर, कुंभार, दुसरा कुंभारही. बायको बहिणीच्या गळ्यात पडून रडत होती. साडू खिडकीशी बसले होते. मला बरंच बोलायचं होतं, घरून चांगली वाक्यं जुळवून नेली होती, पण त्यांच्यासमोर ती सगळी ओली वाटायला लागली. एवढंच म्हणालो, "साडूभाऊ, वाघूरच्या पानावर एक दुरुस्ती केली."

त्यांनी खिडकीबाहेर हात काढला आणि माझ्या शर्टाच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं.

"नाव टाकं का?"

"टाकलं."

त्यांनी मान हलवली. गाडी सुटली तरी त्यांनी बाही लगेच सोडली नाही, मला चार पावलं गाडीबरोबर चालावं लागलं. पिंपळनेरला त्यांनी नवी वही सुरू केली आहे असं ऐकतो, आणि तिथल्या लोकांचा मला फार हेवा वाटतो.